तिचा रविवार

सोमवारी सकाळी साडेसहाची मीटिंग असायची. पुण्यात त्या वेळी दूधवाला येऊन गेलेला असतो, शेजारच्या सोसायटीत पाण्याचा पंप घरघरत असतो आणि माझ्या हातात आल्याच्या चहाचा कप असतो. स्क्रीनवर एकेक करत चौकटी उघडायच्या: ऑकलंडचे दोघं, प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या आपियाची एक, तिथल्याच पांगो पांगोची एक आणि मी. लहान लहान बेटांवरच्या दवाखान्यांत पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो, आणि आठवड्याची कामं या मीटिंगमध्ये वाटली जायची. मी टीममध्ये नवीन आले तेव्हापासून एक गोष्ट माझ्या नजरेत भरत होती. पांगो पांगोची सहकारी दर वेळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत असायची. पांढरी पुलेतासी, म्हणजे लांब स्कर्ट आणि त्यावर तसाच लांब झगा, कानामागे एक फूल, केस घट्ट बांधलेले. ती बोलायला लागली की मागे पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, नाहीतर कुठून तरी बऱ्याच जणांचं एकत्र गाणं ऐकू यायचं. ती माइक बंद करायची, गाणं थांबायचं. पुन्हा चालू केला की तेच गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. सोमवारी कामाच्या मीटिंगला कुणी इतकं नीटनेटकं, सणासारखं तयार होऊन का बसतं, याचा मी मनाशी विचार करायचे आणि कामांच्या यादीत विसरून जायचे.

एकदा मीटिंग संपता संपता ऑकलंडहून कुणीतरी विचारलं, आठवड्याची सुरुवात कशी झाली सगळ्यांची? तिने हसून मान हलवली. आपियाची सहकारी तिची मावसबहीण आहे, ती पटकन म्हणाली, "हिचा आठवडा कुठला सुरू झालाय? हिच्याकडे रविवार आहे. चर्चमधून आलीय, जेवण तसंच ठेवून बसलीय."

तिने कधीच तक्रार केली नव्हती.

मला ते वाक्य दिवसभर पुरलं. सामोआत रविवार म्हणजे काय, हे तोवर मला त्या दोघींच्या गप्पांतून थोडंफार कळलं होतं. भल्या पहाटे दगड तापवून जमिनीवरची भट्टी, उमू, लावायची. त्यात टारोची कंदमुळं, कच्ची केळी, मासे, टारोच्या पानांत नारळाचं घट्ट दूध बांधून केलेले पालुसामी ठेवायचे. वरून केळीची पानं झाकायची आणि चर्चला जायचं. परत आलं की सगळ्या गोतावळ्याने मिळून जेवायचं. मोठी माणसं आधी जेवतात, मग मुलं. दुपारभर गाव शांत असतं. आमची साडेसहाची मीटिंग नेमकी तिथल्या दुपारी दोनच्या ठोक्याला पडायची. म्हणजे घरातली मोठी माणसं जेवून उठत असताना ही बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून आमच्या सोमवारात येऊन बसायची.

आपिया आणि पांगो पांगो यांच्यात साधारण पुणे-मुंबईइतकं अंतर आहे. आपिया स्वतंत्र सामोआ देशाची राजधानी आहे, पांगो पांगो अमेरिकन सामोआत. भाषा एक, आडनावं एक, नातीगोती दोन्हीकडे पसरलेली. घड्याळही एकच वेळ दाखवतं: इकडे दुपारचे दोन, तर तिकडेही दुपारचे दोन. फक्त इकडे सोमवार असतो आणि तिकडे रविवार. छोट्या विमानाने आपियाहून मंगळवारी सकाळी निघालं, तर पाऊण तासाच्या आत माणूस पांगो पांगोला सोमवारी सकाळी उतरतो. टाइमझोनचा फरक म्हटला की आपण तासांचा विचार करतो. अमेरिकेतल्या मुलाला फोन करताना "तिकडे आत्ता रात्र असेल ना गं" असं आई विचारते, तोच हिशेब. इथे रात्र-दिवसाचा प्रश्नच नाही, कारण दोघींच्या डोक्यावर तोच सूर्य जवळपास त्याच जागी असतो. तरी एकीची तारीख दुसरीच्या तारखेला कधीच भेटत नाही. आपियाचा सोमवार पांगो पांगोला सुट्टीचा, पांगो पांगोचा शुक्रवार आपियाला सुट्टीचा. दोघींना मिळून कामाचे चारच दिवस उरतात.

हे निसर्गाने केलेलं नाही, म्हणून मला त्याबद्दल जास्त कुतूहल वाटलं. शाळेत भूगोलाच्या पेपरात आंतरराष्ट्रीय वाररेषा काढायला यायची. 180 अंशांचं रेखावृत्त सरळ, आणि त्याला चिकटून कधी डावीकडे, कधी उजवीकडे झुकणारी तांबडी रेघ. वळणं नीट काढली तरच मार्क. रेषा वाकडी का, याचं उत्तर पाठ होतं: एकाच देशात किंवा बेटसमूहात एकाच वेळी दोन वार येऊ नयेत म्हणून. ते उत्तर लिहिताना मला ही रेषा कुणीतरी मोठ्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसून आखली असेल असं वाटायचं. प्रत्यक्षात 1884 मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, तिथे ग्रिनिच हे शून्य रेखावृत्त ठरलं. वाररेषा मात्र कुठल्याही आंतरराष्ट्रीय करारात नाही. आपल्याकडे आज कोणता वार आहे हे ज्या त्या देशाने सांगायचं, आणि नकाशावाल्यांनी त्यांच्या उत्तरांच्या मधून रेघ ओढायची. इतकंच आहे ते.

सामोआने आजवर दोनदा आपलं उत्तर बदललं. 1892 पर्यंत तिथले वार आशियाकडून मोजले जात. त्या वर्षी अमेरिकन व्यापाऱ्यांनी राजा मालिएतोआ लाउपेपा याचं मन वळवलं. व्यवहार सॅन फ्रान्सिस्कोशी, तर वारही तिकडचाच असावा. मग 4 जुलैचा सोमवार लागोपाठ दोनदा आला, नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. पुढे बेटांची वाटणी झाली. पूर्वेकडची अमेरिकेकडे गेली, पश्चिमेकडची आधी जर्मनीकडे, मग न्यूझीलंडकडे, आणि 1962 मध्ये ती स्वतंत्र झाली. शंभरेक वर्षांत बोटींची आणि माणसांची दिशा बदलली. आपियाची मुलं शिकायला आणि नोकरीला ऑकलंडला, सिडनीला जाऊ लागली, घरी पैसेही तिकडूनच येऊ लागले. पंतप्रधान तुइलाएपा सैलेले मालिएलेगाओई यांचं म्हणणं साधं होतं: आपण शुक्रवारी कामावर असतो तेव्हा न्यूझीलंडमध्ये शनिवार असतो, आणि आपण रविवारी चर्चमध्ये असतो तेव्हा सिडनीत सोमवारचा धंदा सुरू झालेला असतो. आठवड्यातले दोन दिवस असेच वाया जातात. याच पंतप्रधानांनी 2009 मध्ये साऱ्या देशाला रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायचं सोडून डावीकडून चालवायला लावलं होतं, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात म्हणून. तेव्हा वार बदलणं त्यांना अवघड वाटलं नसावं.

29 डिसेंबर 2011 चा गुरुवार संपला, रात्री बारा वाजता चर्चच्या घंटा वाजल्या, आणि सामोआत शनिवार, 31 डिसेंबर लागला. 30 डिसेंबरचा शुक्रवार त्या देशात आलाच नाही. शेजारच्या टोकेलाऊ बेटांनीही त्याच रात्री तेच केलं. सामोआची तेव्हाची लोकसंख्या सुमारे 1 लाख 86 हजार. त्या दिवशी कामावर असणाऱ्यांना न आलेल्या शुक्रवारचाही पगार द्यायचा असं सरकारने ठरवलं होतं, आणि ते मला फार योग्य वाटतं. आपियाची माझी सहकारी तेव्हा शाळेत होती. ती सांगते, आजीने गुरुवारी रात्री सगळ्यांना एकत्र बसवून प्रार्थना केली आणि झोपताना एवढंच म्हणाली, उद्यापासून तुझ्या मावशीला फोन करताना आधी वार विचारावा लागेल. मावशी पांगो पांगोला होती.

देशासाठी तो निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. सगळी भाजी-भाकरी ज्या दिशेने येते तिकडचा वार धरणं शहाणपणाचंच आहे. तरीही त्या रात्री एका मोठ्या कुटुंबाच्या मधून ती रेघ गेली, आणि त्याची भरपाई कुठल्या पगारात बसत नाही. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात.

किरिबाटीत नेमकं उलटं घडलं होतं. तो देश प्रशांत महासागरात पूर्व-पश्चिम हजारो किलोमीटर पसरलेला, आणि शाळेतल्या आमच्या नकाशात रेषा त्याच्या मधून जायची. राजधानी ताराव्यात सोमवार असला की पूर्वेकडच्या बेटांवर रविवार. सरकारी कचेऱ्यांना एकमेकींशी बोलायला आठवड्यात चारच दिवस मिळत. 1994 संपून 1995 सुरू होताना पूर्वेकडच्या बेटांनी एक दिवस गाळला आणि सगळा देश एका वारात आला. नकाशात जो मोठा फुगवटा आज दिसतो तो तेव्हापासूनचा. त्यामुळे किरिबाटीचं ख्रिसमस बेट जगात सगळ्यात आधी नव्या तारखेत जातं. ग्रिनिचच्या चौदा तास पुढे, आपल्या साडेआठ तास. त्याच्या बऱ्यापैकी सरळ उत्तरेला हवाई आहे. घड्याळ दोन्हीकडे सारखं, तारखेत अख्ख्या दिवसाचं अंतर.

हे हिशेब मी मांडत बसले होते तेव्हा एक गोष्ट हाती लागली, ती मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. आपल्या इथे दुपारचे साडेतीन वाजले की ख्रिसमस बेटावर मध्यरात्र होते आणि तिथे उद्याची तारीख लागते. त्याच वेळी पांगो पांगोत रात्रीचे अकरा वाजलेले असतात, आणि तारीख कालची असते. पांगो पांगोत बारा वाजेपर्यंत, म्हणजे आपल्या साडेचारपर्यंत, माणसं राहतात अशा पृथ्वीवर तीन तारखा एकदम नांदतात. काल, आज आणि उद्या. रोज. आपण तेव्हा चहा टाकत असतो, शाळेची बस कोपऱ्यावर येत असते, बिल्डिंगखाली इस्त्रीवाला कपड्यांची चळत मोजत असतो. मी आता त्या वेळी गॅसपाशी उभी असले की मला त्या दोन्ही बेटांची आठवण होते. एकीकडे झोपायची तयारी चाललेली असते, दुसरीकडे उद्या लागून गेलेला असतो.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे सगळं तितकंसं परकं वाटू नये. आपल्याकडे एक दिवस गाळला जातो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पंचांगात चतुर्थीनंतर एकदम षष्ठी येते, पंचमीचा क्षय. सूर्योदयानंतर लागली आणि पुढच्या सूर्योदयाआधी संपली, तिला स्वतःचा दिवस मिळाला नाही. कधी एकच तिथी लागोपाठ दोन सूर्योदय पाहते, तिची वृद्धी. एकादशी तर कित्येकदा दोन: आज स्मार्त, उद्या भागवत. आमच्या वाड्यात दोन्ही प्रकारची बिऱ्हाडं होती. एका घरात साबुदाण्याची खिचडी, तर समोरच्या घरात वरणभात, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. भांडण कधी झालेलं आठवत नाही. आम्हा पोरांना दोन्ही दिवस खिचडी मिळायची.

घड्याळावरून मात्र आपल्याकडे भांडण झालेलं आहे, आणि चांगलं जोरात. 1906 च्या पहिल्या तारखेपासून हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं. ते या नव्या वेळेच्या 39 मिनिटं मागे होतं, कारण मुंबईचा सूर्य तितका उशिरा माथ्यावर येतो. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने वाजणार म्हणजे कामगाराला सूर्याच्या हिशेबाने 39 मिनिटं आधी उठावं लागणार. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. पुढे कित्येक वर्षं मुंबईत दोन वेळा चालल्या: स्टेशनावर एक, महापालिकेत दुसरी. लग्नपत्रिकेवर मुहूर्तासोबत "मुंबई टाइम" की "स्टँडर्ड टाइम" हे छापावं लागे. ज्याच्या झोपेतली 39 मिनिटं कमी होणार होती त्याला कुणी विचारलं नव्हतं, हा त्यातला खरा राग. मला पांगो पांगोच्या त्या दुपारच्या पानाकडे बघताना तोच धागा दिसला. वेळ ठरवताना कुणाचं तरी घड्याळ खरं धरलं जातं आणि बाकीच्यांनी आपापल्या घरात जुळवून घ्यायचं असतं.

जे सगळ्यांत जास्त जुळवून घेतात त्यांचा आवाज मीटिंगमध्ये सगळ्यांत कमी ऐकू येतो.

वाराशी माणसाचं नातं तारखेपेक्षा जुनं आणि जास्त हळवं आहे. 1522 मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं एकुलतं एक जहाज, 'व्हिक्टोरिया', पृथ्वीची फेरी पूर्ण करत केप व्हर्द बेटांना लागलं. पिगाफेटा नावाचा त्यातला एक प्रवासी रोज न चुकता रोजनिशी लिहायचा. त्याच्या वहीत बुधवार होता, किनाऱ्यावर गुरुवार. तो चक्रावून गेला, कारण एकही दिवस त्याने सोडलेला नव्हता. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जाताना त्यांचा प्रत्येक दिवस थोडा थोडा लांबत गेला होता आणि अख्ख्या फेरीत एक सूर्योदय कमी झाला होता. आज आपण हे सहज समजून घेतो. पण शनिवार हाच देवाचा दिवस मानणाऱ्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसमोर हा प्रश्न अजून उभा आहे. टोंगा 180 अंशांच्या पूर्वेला असूनही पश्चिमेचा वार पाळतं, म्हणून तिथले अ‍ॅडव्हेंटिस्ट पूर्वीपासून टोंगाच्या रविवारी प्रार्थनेला जमतात. त्यांच्या लेखी तो खरा सातवा दिवस. 2011 नंतर सामोआतही हाच पेच पडला. काहींनी देशाचा नवा शनिवार धरला, काही जण सातच्या अखंड मोजणीवर ठाम राहिले, आणि ती मोजणी आता सरकारी रविवारी येते. सरकारने शुक्रवार गाळला म्हणून देवाने गाळला का, असा त्यांचा सवाल आहे. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. सात मोजत राहणं ही एवढीच गोष्ट त्यांनी हातातून सुटू दिलेली नाही.

माझे बाबा गेले ते जून महिन्यात, पहाटे पाचला. बाहेर अंधार होता, पाऊस नुकताच थांबला होता, हॉस्पिटलच्या खिडकीखाली रिक्षावाले बोलत होते. मंगळवार लागून पाच तास झाले होते. दादाला मी फोन केला तेव्हा कॅलिफोर्नियात सोमवारची संध्याकाळ व्हायची होती, साडेचार वाजले होते, तो ऑफिसातून निघत होता. महापालिकेच्या दाखल्यावर मंगळवारची तारीख आहे. दादाच्या फोनमध्ये माझ्या त्या कॉलची नोंद सोमवारची आहे. त्याच्या मनात बाबा सोमवारी गेले, आणि पहिली काही वर्षं त्याला याचा त्रास व्हायचा. तो म्हणायचा, मी त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचूसुद्धा शकलो नाही, मी आदल्याच दिवसात राहिलो. दहाव्याला गुरुजींनी तिथी-वार विचारला तेव्हा आईने मंगळवार सांगितला. गुरुजींनी वेळ विचारली, पंचांग उघडलं आणि म्हणाले, सूर्योदय व्हायचा होता ना, मग वार सोमवारच. आपला वार सूर्योदयाला बदलतो. दादा तेव्हा माझ्या शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, पण मला त्याचा हात हलल्यासारखा वाटला.

तिथीचं तर आणखी वेगळं. ती घड्याळाची नाहीच. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुढे सरते, आणि ते अंतर आकाशातलं असल्यामुळे तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. बाबा गेले तेव्हा पुण्यात जी तिथी होती तीच कॅलिफोर्नियात होती, तीच आपियात आणि पांगो पांगोत. फक्त ती कुठल्या दिवसाला चिकटवायची, हे ज्याचा त्याचा सूर्य ठरवतो. म्हणून अमेरिकेतल्या मराठी मंडळांची पंचांगं वेगळी असतात. तिथला गणपती कधी आपल्या आदल्या दिवशी बसतो, संकष्टीचा चंद्रोदय गावोगावी वेगळा. श्राद्धाला दुपारची, अपराह्णकाळची तिथी धरायची, तर दुपारही जिथली तिथली. हे मी गुरुजींकडून ऐकलं आणि नंतर ताडून पाहिलं. लहानपणी भिंतीवरच्या कॅलेंडरात जी बारीक छापलेली वेळ मला निरर्थक वाटायची, "प्रतिपदा अमुक वाजेपर्यंत" वगैरे, ती खरं तर सगळ्या जगाला एकदम लागू असलेली वेळ होती. फक्त ती आपल्या घड्याळात लिहिलेली होती.

तर मीटिंगचं असं झालं. मी ऑकलंडच्या दोघांना लिहिलं की सोमवार बदलू या. त्यांनी लगेच मान्य केलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या स्क्रीनवर सगळ्यांपुढे आपोआप "सोमवार" यायचं. कॅलेंडरचं आमंत्रण ज्याने पाठवलं त्याच्या वारात बोलतं, आणि पांगो पांगोच्या फोनवर तेच आमंत्रण मुकाट्याने रविवारी जाऊन बसतं. हे सगळं चालतं ते टाइमझोनच्या एका यादीवर. जगभरातले स्वयंसेवक ती वर्षानुवर्षं सांभाळतात, आणि आपला प्रत्येकाचा फोन तीच वाचतो. कुठल्या देशाने कधी घड्याळ पुढे केलं, कधी मागे, कुठे अख्खा दिवस गाळला, सगळं त्यात आहे. सामोआने 2021 मध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत बंद केली, ऑकलंडमध्ये ती चालू आहे. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडे एकाची जेवणाची सुट्टी तासाभराने सरकते. ते सोसण्यासारखं आहे. आता आम्ही बुधवारी भेटतो. पुण्यात सकाळचे साडेसहा, आपियात बुधवारचे दोन, पांगो पांगोत मंगळवारचे दोन. आमंत्रणाच्या मजकुरात मी प्रत्येक गावाचा वार आणि वेळ हाताने लिहिते. सॉफ्टवेअर ते करतं हे मला माहीत आहे. तरी लिहिते, म्हणजे बाकीच्यांच्या डोळ्यांखालून तरी तो मंगळवार जातो.

बुधवारच्या एका मीटिंगनंतर आम्ही तिघी मागे राहिलो आणि त्यांच्या आजीचा विषय निघाला. आजी शेवटी मुलीकडे पांगो पांगोला होती. तिथे गुरुवारी संध्याकाळी गेली. आपियात तोवर शुक्रवार होता. माझ्या मनात आपोआप हिशेब झाला: पुण्यात शुक्रवारची दुपार, साडेबारा. वर्षाच्या प्रार्थनेवरून त्यांच्या घरात वाद झाला होता. मामा म्हणे, जिथे गेली तिथला दिवस धरा. आपियाची मावशी म्हणे, आम्ही रडलो तो शुक्रवार. मग त्यांनी असा मार्ग काढला की पांगो पांगोत तिथल्या तारखेला संध्याकाळी आणि आपियात आपियाच्या तारखेला संध्याकाळी बसायचं, फोन लावून. घड्याळ सारखंच असल्यामुळे ते दोन्ही एकाच वेळी येतं. एकच प्रार्थना, दोन तारखा. वाढदिवसाचं मात्र ते असं करत नाहीत. वाढदिवसाला प्रत्येक गाव आपली तारीख धरतं, म्हणजे आपियात केक कापून झाला की दुसऱ्या दिवशी पांगो पांगोत पुन्हा. तिथे क्षण एक नसला तरी चालतो, तारीख एक हवी. दोन्ही एकदम मिळत नाही हे त्या घराने स्वीकारलं आहे, आणि कुठल्या प्रसंगी काय सोडायचं हे बसून ठरवलं आहे. इतकं स्वच्छ मला आमच्या घरात कधी बोलता आलं नव्हतं.

म्हणून यंदा मी दादाशी बाबांच्या श्राद्धाबद्दल आधीच बोलून घेतलं. एरवी काय व्हायचं, की तो आमची वेळ साधायला रात्री दीड-दोनला उठून स्क्रीनपुढे बसायचा, आणि त्याची स्वतःची दुपार कोरडी जायची. यंदाची तिथी आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमाराला लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास संपते. म्हणजे पुण्याची दुपार तिच्यात बसते, आणि कॅलिफोर्नियाची त्याच तारखेची दुपारसुद्धा. मी माझ्या दुपारी करीन, तो त्याच्या दुपारी, तिथल्या गुरुजींना बोलावून. कुणी कुणासाठी रात्रीचं उठायचं नाही असं आम्ही ठरवलं.

आईला सांगितलं तेव्हा तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, त्याच्याकडे दुपारचा एक म्हणजे आपल्याकडे किती? मी म्हटलं, रात्रीचा दीड. तू झोप, तो रेकॉर्ड करून पाठवणार आहे, सकाळी आपण दोघी बघू.

"सकाळी तू बघ," आई म्हणाली. "मला तिथी चालू असताना बघायचंय. गजर लावून दे."